हळदीच्या पिंपावरचा पडदा

माझ्या बापाला, दादांना, चोरानं न्हाई, पडद्यानं बुडवलं असतं.

आज दादांची तिथी. मी सांगून राहिले, नातू टाइप करून राहिला. चूक दिसली तर त्याची.

निजामाच्या काळातली गोष्ट. आमी वसमतला. शिजवून वाळवलेली हळद तवा बाया गोणपाटावर हातानं घासायच्या. माझ्या मायच्या तळहाताची सालं निघायची.

दादांनी रॉकेलचं रिकामं पिंप घेतलं. बाहेरून खिळ्यानं भोकं पाडली, आतून किसणीसारखं खरबरीत झालं. फिरवायला दांडा लावला.

हळद अशी चकाचक निघायची, बघत ऱ्हावं. शेतकरी गाड्या भरून आपली हळद घासायला आमच्याकडं आणू लागले.

मग एकच भ्या. कोणी कॉपी केली तर?

हैदराबादचा वकील म्हणाला, पेटंट घ्या. फी ऐकून दादांनी घरभर नजर फिरवली. घरात विकण्याजोगी एकच चीज होती. बैलजोडी.

पेटंट होईस्तोवर त्यांनी पिंपाभोवती पडदा बांधला. मायच्या लुगड्यांचा.

आता आमच्याकडचा शेतकरी स्वतःची हळद नजरेआड करतो व्हय? आत माल बदलला तर?

"मारोतराव, पडदा काढा, न्हाईतर हळद वापस द्या." जो तो हेच म्हणायचा. दादा काढीनात. गाड्या आल्या तशा परत जाऊ लागल्या.

माय भडकली. "काहून लपवून राहिले? अन् बैल विकून नांगराला काय मला जुंपता?"

दादा बैल घेऊन आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेले. माय चुलीपुढं बसून रडली. मीबी.

दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला अन् पडदा ओढून काढला.

"लुगडी माझी हायेत," म्हणाली. दुपारपर्यंत दारात गाड्या लागल्या.

सांजच्याला घुंगरं वाजली. आमच्याच बैलांची. मी पळत गेले. दादा चक्क हसून राहिले होते.

"दावं गिऱ्हाइकाच्या हातात देणारच होतो," ते मायला म्हणाले. "तर समोर एकजण आपल्यासारखंच पिंप फिरवून राहिला. पडद्याआधीच कोणी बघून गेलं असंल. सुटलो बघ एकदाचा. आता राखायला काही उरलं न्हाई."

पडदा कुठं गेला, हे त्यांनी विचारलंसुद्धा न्हाई. बाह्या सरसावल्या अन् दांडा धरला.

त्या दिवशी दादा किती दिवसांनी पोटभर जेवले.

दादा, तुमचं नाव कोणत्याच पिंपावर न्हाई. पण बैल घरी आले अन् मायचे हात बरे झाले.

मला तेवढं लई हाय. निवांत ऱ्हावा.

तुमची लेक