निधी जावेला मिळाला

धाकट्या जावेचा हेवा करणं मला नवीन नाही. तिची पुरणपोळी फुटत नाही, तिचं वजन वाढत नाही, आणि सासूबाई कुठलीही बातमी आधी तिलाच सांगतात. एवढं सगळं मी पचवलं होतं. पण गेल्या वर्षी तिला सरकारी निधी मिळतोय की काय, या विचाराने माझी भूकच गेली. आणि माझी भूक जाणं ही आमच्या घरात मोठी बातमी असते.

झालं असं, की पोरं गोळ्या-पावडरीच्या नादी लागताहेत म्हणून नाशकात वस्तीवस्तीतल्या बायकांनी नशाविरोधी पथकं काढली. पाथर्डी फाट्याला आमचं, सिडकोत जावेचं. सगळं पदरमोड करून. मग कळलं, अशा पथकांना आता निधी मिळणार, पण आमच्या भागातून पहिल्या वर्षी एकालाच. मला तो हवाच होता. दर शनिवारी आमच्याकडे येणाऱ्या समुपदेशक बाईंनी सांगून टाकलं होतं, "फुकट किती दिवस येऊ? पुढच्या महिन्यापासून जमणार नाही." बहुतेक शनिवारी त्यांच्यापुढे आम्ही पथकातल्या चौघीच बसायचो, हे मी अर्जात लिहिलं नव्हतं.

"तुला निधी हवाय, की तिला मिळायला नकोय?" नवऱ्याने विचारलं.

"दोन्ही एकच."

निवडीच्या दिवशी मी फोटोंची फाईल नेली ती दोन्ही हातांनी धरून. आमचा प्रत्येक कार्यक्रम सत्काराने सुरू व्हायचा. आधी प्रमुख पाहुण्यांचा, मग पाहुण्यांना आणणाऱ्यांचा, मग हॉल देणाऱ्यांचा. शाल, श्रीफळ, फोटो. आणि वेळ उरलाच तर व्यसन. समितीतल्या मॅडम फाईल चाळत राहिल्या.

"सगळे शालीतच दिसताहेत," त्या म्हणाल्या. "मुलांच्या आया कुठे आहेत?"

"मागच्या खुर्च्यांवर आहेत मॅडम. फोटोत आल्या नाहीत."

"त्यांच्यापैकी कुणी काही बोललं?"

"माईक एकच होता," मी म्हटलं. यापेक्षा गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

माझ्यानंतर जाऊ. तिच्याकडे शंभर पानी वही, तीही मुलांची उरलेली. त्यात एकही नाव नव्हतं, नुसत्या खुणा. ती सांगू लागली, आणि मी मागे बसून ऐकत होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिच्या बायका हळदीकुंकवाच्या निमित्ताने घरोघरी गेल्या होत्या. नियम एकच: कुंकू लावून लगेच उठायचं नाही, ओट्यापाशी रेंगाळायचं. वाण म्हणून चहाची गाळणी, आणि ती ज्या कागदात गुंडाळलेली, त्या कागदाच्या आतल्या बाजूला फोन नंबर. सासू-सासऱ्यांना संशय नाही, नवऱ्याला पत्ता नाही. "हॉलमध्ये कुठली आई सांगेल मॅडम, की माझा मुलगा घेतो म्हणून?" ती म्हणाली. "स्वयंपाकघरात सांगते. भांडी आवरता आवरता."

जावेच्या घरच्या हळदीकुंकवाला ती गाळणी मलाही मिळाली होती. कागद न बघता मी टाकून दिला होता, आणि घरी येऊन म्हटलं होतं, एवढीशी गाळणी देतात होय वाण म्हणून?

निधी तिलाच मिळाला. मी अभिनंदनाचा फोन केला. फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "कोण गेलं गं?"

समुपदेशक बाईही मग सिडकोत जाऊ लागल्या. शनिवारी आम्ही चौघी भिशी लावायला मोकळ्या झालो.

महिन्याभराने दुपारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. आमचा एकही सत्कार न चुकवणाऱ्या. चहा नको म्हणाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"तुमच्या जाऊबाईंचा नंबर मिळेल का?"

मला कळायला वेळ लागला नाही. त्यांचा थोरला दिवाळीपासून कुणाला दिसला नव्हता, आणि आम्ही समजत होतो तो पुण्याला शिकतोय.

"मला सांगा ना. मी वरच तर राहते."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्याकडे फोटो काढतात हो."

मी नंबर सांगू लागले. एक आकडा चुकवावा, असं मनात आलं; खोटं कशाला बोलू. चुकवला नाही. त्यांच्याकडून परत वाचूनही घेतला. त्या गेल्यावर जावेला फोन लावला.

"एका बाईंचा फोन येईल. लगेच उचल. आमच्या बिल्डिंगमधल्या आहेत."

"बरं झालं सांगितलंत, ताई. इकडे येताना त्यांना सोबतीला कुणी हवं असेल तर तुम्ही याल? पण नुसतं बसायचं हं. सल्ला द्यायचा नाही, कुठे बोलायचं नाही, त्यांनाही काही विचारायचं नाही. जमेल का?"

माझ्याहून सात वर्षांनी लहान आहे ती. मी म्हटलं, "विचार करून सांगते," आणि साडी बदलायला उठले.