आभायाचे कोतवाल

कासमभाई माह्या घरी कधी बसलेच नाई. खुर्ची देल्ली तरी चहा उभ्यानंच घेत, एक डोया मोबाईलवर, दुसरा आभायावर. मारेगावात पान्याच्या मोटारी दुरुस्त करत. मी म्हणो, "बसा ना भाऊ, खुर्ची चावते का?"

"बसतो वो बाई. आभाय बसू दे पैले."

पैले त्यायले असं आभायाचं येड नव्हतं. माहे मालक इज पडून गेले, त्या दिवशी कासमभाई आमच्या विहिरीवर मोटार जोडून राह्यलते. पानी आलं, मालक लिंबाबुडी जाऊन उभे राह्यले. सारेच राह्यतात. उचलाले कासमभाईच होते. मी रडत बसली नाई, लेकरं लहान होती. निंदाले गेली. घरात त्या झाडाची गोष्ट काढली नाई.

मंग मोबाईलवर इजेचे निरोप येऊ लागले. निरोप आला का कासमभाई हातचं काम टाकत, फटफटी काढत, वावरावावरानं ओरडत जात, "झाडाबुडून निंघा वो!" कितीकदा इज पडेच ना. बाया हासत, "आले पाहा आभायाचे कोतवाल!"

एकडाव मी इचारलं, "हे तुमाले सांगते कोन?"

त्यायनं माही गोफण घेऊन गरगर फिरवली. "गोटा दोरीनं फिरते ना? तसाच उपग्रह. रॉकेट वर नेऊन जोरात सोडते, धरती त्याले वढून धरते, थो फिरत राह्यते. वरतून ढग पाह्यते, मंग हवामानवाले निरोप धाडतात."

"एवढा खर्च कायले? दुसऱ्या देशाले इचारा ना."

"बाई, शेजाऱ्याच्या खिडकीतून आपलं वावर दिसते. पण थ्यानं रागानं खिडकी लावली त? आपली खिडकी पायजे."

उपग्रह सुटाच्या दिवशी कासमभाई आपल्या दुकानासमोर येरझारा मारत. वर पोचला समजलं का मंगच पानी पेत.

मागच्या पावसायात माही सून रेखा बायांसंग आमच्याच वावरात निंदाले होती. पानी आलं, साऱ्या त्याच लिंबाबुडी गेल्या. कासमभाई आले, ओरडले. कोनी उठे ना.

"भिजून मरू का भाऊ?" एक बाई म्हणे.

मंग ते रेखापाशी गेले. आवाज खाली केला. "बेटी, तुह्या सासऱ्याले मी याच झाडाबुडून उचललं."

रेखा उठली. तिच्यामागं साऱ्या उठल्या, दूर खोलगट जागी भिजत उकिडव्या बसल्या. इज लिंबावरच पडली. तिथं राह्यलेले जेवनाचे डब्बे भाजून वाकडे झाले.

हिवाळ्यात कासमभाई झोपेतच गेले. मी मयतीले गेली त त्यायच्या बायकोनं थो मोबाईल माह्या हातात देल्ला. मले वाचता येत नाई, पण इजेच्या निरोपाचा आवाज वयखू येते. वाजला का चहा तसाच ठेवून वावराकडं निंघते.

"आली पाहा कोतवालीण," बाया म्हणतात.

हासतात. पण उठतात.