एक डोळा वादळावर, एक डोळा बर्फावर

आमचे धाकटे दीर बन्सीधर भावजी म्हणजे मुळं फुटलेला माणूस. जिथं बसले तिथं बसले. आमच्या पिंगळीच्या स्टेशनावरून गाड्या जातात, एखादी दिल्लीकडची, एखादी हैदराबादकडची. भावजींचा त्यांच्याशी संबंध एवढाच, की दुपारच्या गाडीचा भोंगा वाजला की ते रानातून उठून घरी जेवायला येतात. वर्षातून एकदा पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊन येतात आणि आल्यावर दोन दिवस "परवास लय झाला" म्हणून कण्हतात.

त्यांची बायको कुसुम, माझी धाकटी जाऊ, हिच्या पायाला भिंगरी. पण भिंगरीला फिरायला अंगण तेवढंच. एकुलती एक लेक राजेश्री, ती जाऊन पडली शिमल्याला. जावई आपल्याच परभणीचे, पण नोकरीनं त्यांना उचलून डोंगरावर ठेवलं. लग्नाला वर्षं लोटली तरी कुसुमनं लेकीचं घर बघितलेलं नव्हतं. विषय निघाला की भावजी म्हणायचे, "लेकीला लेकरू झाल्याबिगर तिच्या घरचं पाणी पीत न्हाईत. रीत हाय." मग निकिता झाली. बाळंतपण इथंच आमच्या घरी. आता ती निकिता चालती-बोलती झाली, फोनवर आजोबाला दटावती झाली. रीत संपली, तेव्हा भावजींनी पदरची एक अट काढली.

मी ओसरीत ज्वारी पाखडत होते, तेव्हाचं बोलणं. कुसुम म्हणाली, "अवो, औंदा तरी जाऊ. लेकीचं घर बघू, बर्फ बघू. कॅलेंडरवर बघून बघून डोळे दुखायलेत."

भावजी म्हणाले, "जाऊ की! तूर घरात येऊ दे. अन् तिकडं बर्फ पडू दे. बर्फ नसंल तर एवढ्या लांब काय बघायचं? डोंगर? डोंगर जिंतूराकडं बी हायेत. अन् हे समदं संक्रांतीच्या आत. पुढं माझा हरभरा हाय."

"अक्का, तुमी साक्षी," कुसुम म्हणाली.

"हाय," मी म्हणाले. ह्या सगळ्या प्रकरणात माझं काम एवढंच होतं, बाकी मी नुसती हसले.

भावजी निर्धास्त होते. रोज संध्याकाळी राजेश्रीचा फोन यायचा, तोंड दिसणारा. कुसुम आधी लेकीचं तोंड बघायचीच नाही. "बाजूला हो बाई, आभाळ दाखव!" राजेश्री खिडकीतून आभाळ दाखवायची. घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं स्वच्छ. "माय, कोरडंच हाय गं. थंडी नुसती." मागून भावजी विचारायचे, "न्हाई ना पडलं? अरेरे!" असा अरेरे मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नाही. त्यात पेढा वाटल्याचा गोडवा होता.

आणि त्यातच बंगालच्या समुद्रात वादळ उठलं. आंध्राच्या किनाऱ्याकडं यायलंय म्हणे, आणि त्याच्या शेपटाचा पाऊस मराठवाड्यात पडणार म्हणे. गावात ज्याची त्याची तूर कापून रानात पडलेली. लोक ताडपत्र्या हुडकायला लागले. आमचे भावजी मात्र नवरदेवासारखे फुलले. आजवर फोनमध्ये नुसतं घड्याळ बघणारा माणूस. शेजारच्या तात्यारावांकडून त्यांनी वादळाचं चित्र उघडायला शिकून घेतलं. निळ्या पाण्यावर एक जिलेबी गरगर फिरायची. भावजी पारावर बसून जिलेबीची खबर द्यायचे.

"काल लय लांब व्हती. आज मछलीपट्टणच्या तोंडाशी आलीय."

"येतंय का मग आपल्याकडं?" तात्याराव काकुळतीनं विचारायचे.

"येणारच! येतंय म्हंजे काय, निघालंय!"

कुसुमच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. चुलीपुढं बसून मला म्हणाली, "अक्का, सोताची तूर रानात पडलीय अन् ह्ये वादळाला ओवाळायलेत! पेंढ्या भिजल्या की वाळायला दिवस, मळायला दिवस. संक्रांत गेली, शिमला गेलं."

"असं कुणी करतं का गं? घरच्या तुरीवर पाऊस मागतं?"

"लय न्हाई मागत. चार सरी मागायलेत. पेंढी भिजावी, दाणा भिजू नये, असं."

माझी भाकर तव्यावर तशीच राहिली, एवढं हसू आलं. पण कुसुम हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "निकिता परवा म्हणली, आज्जी, तू फोनमदीच राहतीस का?"

मी भाकर उलटली.

वेळा अमावस्या तोंडावर आली होती. आमची येळवस. त्या दिवशी घरात चूल नाही, सगळं गाव रानात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पांडव मांडून पूजायचे, भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे आणि घागरीतली आंबील पोटभर खायची. बोलावलं तो येतो, नाही बोलावलं तोही येतो, आणि कुणाला परत पाठवायचं नाही. कुसुमनं औंदा दारोदार जाऊन बोलावणं केलं. भावजी चकित. "एवढ्या मानसांची आंबील? काय लगीन हाय का?"

"सणाला हात आखडू नये," ती म्हणाली, आणि मळणीयंत्रवाल्यालाही जेवायला सांगून आली. यंत्रासकट.

येळवसाला आमच्या रानात ही गर्दी! पूजा झाली. लोक पंगतीला टेकणार, तोच कुसुम आंबिलीच्या घागरीवर झाकण ठेवून उभी राहिली.

"बसा, पण एक आइका. आमच्या ह्येंनी इतके दिवस घसा फोडून सांगितलंय, वादळ यायलंय. ह्येंचा शबद खाली पडू द्यायचा का? आंबील पोटात गेली की तुमी समदे झाडाखाली घोरणार. आधी पेंढ्या, मग आंबील!"

भावजी घाईघाईनं म्हणाले, "आगं, सणाच्या दिवशी मानसांना कामाला लावतीस? आन् वादळाचं काय खरं असतंय!"

"असं कसं बन्सीधरराव?" तात्याराव उठलेच. "कालच तुमी म्हणलात, निघालंय! चला रे, हात लावा!"

मग काय विचारता! येळवसाच्या माणसांनी पेंढ्या यंत्राजवळ ओढल्या, यंत्र धडधडलं, आंबील उशिरा पण दुप्पट गेली. दिवस मावळायच्या आत आमची तूर पोत्यांत आणि पोती घरात. तिथून लोक तात्यारावांच्या रानात गेले. जो तो भावजींच्या पाठीवर थाप मारायचा, "तुमच्यामुळं वाचलो!" भावजींच्या डोक्यावर पेंढी आणि तोंडावर असं हसू, जणू दाढ काढून घेतली.

वादळानंही त्यांना दगा दिला. ती जिलेबी ओरिसाकडं वळली. आमच्याकडं जरा ढग आले, धूळ बसंल एवढंही शिंपडलं नाही. पण भावजींचा मान गावात राहिला तो राहिलाच.

आता उरला बर्फ. संक्रांत जवळ यायला लागली आणि शिमल्याचं आभाळ काही मळेना. कुसुमचा धीर सुटला. एक दिवस फोन घेऊन गोठ्यात गेली, लेकीशी काय खुसुखुसू बोलली देव जाणे. दुसऱ्या दिवशी फोन आला तर खिडकीच्या बाहेरचा कठडा पांढराफेक!

"पडलं! पडलं!" कुसुम ओरडली. "बघा, अवो बघा!"

भावजींनी चष्मा लावला. "राजे, फोन जवळ ने. आणखी जवळ ने." बघितलं, बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "बर्फात सरकी कशी?"

राजेश्रीनं घाईनं फोन मागं घेतला.

"अन् ती वाळकी पत्ती? बाई, ह्यो आपल्या वढ्याकाठच्या रानातला कापूस हाय. निकिताच्या गादीला मीच दिलता. जलम कापसात गेला माझा, मला बर्फ दाखवायलीस?"

तिकडं राजेश्री फसकन हसली. मी तर खांबाला धरून बसले. कुसुमचं तोंड मात्र एवढंसं झालं. भावजींनी ही गोष्ट पारावर सांगितली, दळणाच्या चक्कीवर सांगितली, वासुदेव आला तर त्यालाही सांगितली.

पण खोड लागली की सुटत नाही. वादळ गेलं तरी भावजींचं बोट फोनवरून हटेना. समुद्रात बघायला काही उरलं नाही, म्हणून बोट सरकत सरकत वर डोंगरात, शिमल्याच्या आभाळावर गेलं. एके दिवशी सकाळी बघते तर भावजींचं तोंड उतरलेलं. "काय झालं भावजी?" "काय न्हाई वैनी." संध्याकाळी कुसुम फोन शोधायला लागली. फोन कुठंच नाही.

"पडला वाटतं रानात," भावजी म्हणाले. "मिळंल उद्या-परवा. संक्रांत झाली की निवांत हुडकू."

तेवढ्यात घरातलं तुरीचं पोतं वाजायला लागलं.

आम्ही दोघी पोत्याकडं बघतोय, भावजी आढ्याकडं. कुसुमनं कोपरापर्यंत हात घालून फोन काढला. राजेश्रीच होती. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. मागं झाडं, छपरं, रस्ता, सगळं पांढरं, आणि वरून भुरुभुरु पडायलंय. निकिता मधोमध तोंड वासून उभी. "आज्जी! गार!"

कुसुमनं नुसतं फोनच्या काचेवर बोट ठेवलं.

भावजी मागून डोकावले. "कापूस हाय."

"आबा, आवो वरून पडायलाय की!" राजेश्री ओरडली.

"पंख्यानं उडवायलीस. एकदा फसवलंस, दोनदा न्हाई. हात लावून बघितल्याबिगर मी बर्फ मानणार न्हाई म्हंजे न्हाई!"

बोललेलं भावजींच्याच कानात शिरायला जरा वेळ लागला. शिरलं तसा त्यांनी जबडा मिटला, पण उशीर झाला होता.

"अक्का," कुसुम हळूच म्हणाली, "तुमी साक्षी."

"हाय," मी म्हणाले.

"मग चला. लावा हात."

पिंगळीच्या स्टेशनावर मी त्यांना सोडायला गेले. इथून परभणी, तिथून मोठी गाडी. भावजींच्या अंगावर घरातली सगळी गरम कापडं, एकावर एक. बंडीचा खिसा टम्म फुगलेला. "काय हाय हो भावजी?" तर काढून दाखवलं, मूठभर कापूस. "बर्फाशी मिळवून बघायला," म्हणाले.

तेवढ्यात लांबून गाडीचा भोंगा वाजला. भावजी सवयीनं उठले, धोतर झटकलं आणि जेवायला घराकडं चालायला लागले.

कुसुमनं धोतराचा सोगा धरून ओढलं.