दुहेरी गाठीचा बूट

श्रीमन्नारायणाचे स्मरण करून, आणि ज्याच्या उदरात हे सारे निजले होते त्या जलाधिपती वरुणाला वंदन करून, आज सर्वपित्री अमावास्येला ही हकीकत लिहितो. ज्यांची मृत्युतिथी कुणालाच ठाऊक नाही, त्यांचा हा दिवस.

"फक्त इथे सही, हेर जोशी," ब्रांट म्हणाला.

हेर ब्रांट (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत) हा कंत्राटदाराचा प्रोजेक्ट मॅनेजर. उत्तर जर्मनीतल्या एका बंदरात धक्का रुंद करायचा होता आणि आड आली होती महायुद्धात बुडालेली नौदलाची एक बोट. तिचे नाव नाही, क्रमांक नाही. मी कन्झर्व्हेटर. समुद्रातून वर आलेल्या वस्तू नासू न देणे हे माझे काम. लाकूड आणि चामडे एकदम सुकले की तडकते, म्हणून आम्ही ते गोड्या पाण्याच्या टाक्यांत ठेवतो.

फॉर्मवर एक रकाना होता: मानवी अवशेष. त्यात 'नाहीत' असे आधीच टाइप केलेले होते. माझी सही झाली की सोमवारी क्रेनचा लोखंडी पंजा ती बोट तोडून भंगारात टाकणार होता.

"हे 'नाहीत' कुणी ठरवले?"

"तुमच्याच यादीने. धातू, लाकूड, काच, चामडे. हाडे कुठे आहेत?"

यादीत खरेच नव्हती.

"गुरुजी, जरा इकडे या," टाकीवर वाकलेली रुही कांबळे म्हणाली. ही नागपूरची, आमच्याकडची पाण्याखाली उतरणारी पुरातत्त्वज्ञ; मी पूजापाठ करतो म्हणून मला गुरुजी म्हणते. "आल्झो, म्हणजे बघा, हा बूट मीच वर आणला. त्याला लावलेल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"चामडे, बूट, एक."

"अक्षर कुणाचं?"

माझेच होते.

"आता लेस बघा. वरपर्यंत ओवलेली, दुहेरी गाठ. काढून ठेवलेल्या बुटाला दुहेरी गाठ कोण मारतं?"

आमची यादी द्रव्यानुसार लागते. बूट आला की तो चामड्यात जातो. आत काय आहे, हे विचारायला यादीत जागाच नाही. आणि मीही तीन आठवडे विचारले नव्हते.

मी एक्स-रे मागितला.

"एका बुटासाठी?" ब्रांट उसळला. "सोमवारी क्रेन रिकामी उभी राहील!"

"राहू द्या. क्रेनला उभे राहण्याची सवय असते."

तो रुहीकडे वळला. "फ्राऊ कांबळे, तुमचे सहकारी फारच भाविक आहेत."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मी तशी नाही. पण गाठ मलाही दिसते."

एक्स-रेमध्ये टाच दिसली, घोटा दिसला, आणि पुढे बोटांची हाडे. चिखलाने त्यांना जागचे हलू दिले नव्हते.

ब्रांटने चित्र पाहिले आणि खांदे उडवले. "इतक्या वर्षांनी कुणाला फरक पडतो?"

नोकरीच्या आयुष्यात मी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "त्याला ही गाठ मारायला आईने शिकवले असेल. तिला पडला असता! पाय आत असलेला बूट तुम्ही भंगारात टाकणार, आणि वर माझी सही मागता?"

मी 'नाहीत' खोडून 'आहेत' लिहिले, आणि मग सही केली. अधिकाऱ्यांनी काम थांबवले. त्या हिवाळ्यात रुही आणि तिच्या सोबत्यांनी अकरा जणांचे अवशेष हातांनी वर आणले. शहराच्या दफनभूमीत त्यांना ओळीने जागा मिळाली. दगडांवर नावे नाहीत. बोटीचे नाव आजही कळलेले नाही. कंत्राटदाराच्या अहवालात या साऱ्याची नोंद 'अनपेक्षित परिस्थितीमुळे विलंब' अशी आहे. ते वाक्य आठवले की अजून अंगाचा तिळपापड होतो. ती परिस्थिती नव्हती, माणसे होती.

माझ्या हातची ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. राग फक्त ब्रांटवर निघू नये म्हणून.

आज सकाळी धक्क्यावर जाऊन, नाव-गोत्र ठाऊक नसलेल्यांसाठी जी ओंजळ शास्त्राने सांगितली आहे, ती तिळांसह अकरा वेळा सोडली. रुही चहाचा थर्मास धरून शेजारी उभी होती.

धडा एवढाच: सही करण्यापूर्वी यादी वाचून भागत नाही, वस्तू हातात घ्यावी लागते.

वाचकहो, आपल्या घरातून बूट घालून बाहेर पडलेला प्रत्येक जण संध्याकाळी उंबऱ्याशी बसून आपल्या हाताने ती गाठ सोडो. आपल्या कुळाचे कल्याण असो.