सिस्टरचा भिडू

"डोकं द्या, तोंड नको!" असं म्हणून सिस्टर काउंटरवर बोटानं ठोकायच्या. तुमच्याही गावात असं कुणी असेल, ज्याच्या रागाचीच जास्त आठवण येते.

दारव्ह्याच्या एका दुकानात मी कॉम्प्युटर जोडायचो. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या नर्सबाई तिथं पहिल्यांदा आल्या त्याच तणतणत. वाचनालयातल्या बुद्धिबळवाल्या पुरुषांना त्यांनी एकेक करून हरवलं होतं. मग सिस्टर दारात दिसल्या की पट गुंडाळले जायचे. कुणाला शेतावर काम निघायचं, कुणाचं डोकं दुखायचं.

"हारल्यावर तोंड वाकडं करत नाही, असा भिडू पाहिजे मले," त्या म्हणाल्या.

दुकानाच्या सेठनं मोठे स्पीकर आणि निळे दिवे लागणारा डबा पुढे केला.

"मले नाचाचं हाय काय?"

मी मध्ये पडलो. बुद्धिबळाचा प्रोग्राम नुसत्या चाली शोधतो. पैसा प्रोसेसरवर घाला, रॅम थोडी वाढवा, आणि आपल्या उन्हासाठी पंखा दणकट घ्या. सेठनं माझ्याकडे डोळे वटारले.

"ऐकलं ना सेठ? डोकं द्या, तोंड नको!"

कापसाची ती वाईट वर्षं होती, कर्जापायी शेतकरी फवारणीचं औषध पिऊन मरत होते. बाहेरच्या पेपरवाल्यांच्या गाड्या फोटोसाठी गावोगाव रडणारी बाई शोधत फिरायच्या. तेवढ्यात असेच दोघं कॅमेऱ्याचे सेल घ्यायला दुकानात आले. पेपरात दुकानाचं नाव येईल म्हणून सेठ पचकला, "ह्या बी विधवाच हायेत. कापसाचं शेत हाय."

"ताई, चला ना शेतात," एक जण म्हणाला. "पदर घ्या डोक्यावर. कॉम्प्युटरचं काही बोलू नका."

सिस्टर उठल्या. "माह्या मालकाले हार्ट अटॅक आलता. आन् ज्यायनं औषध पेलं, त्यायच्या नाकात नळ्या मी घातल्या. या हातानं! तवा कुठी होता तुमी? त्यायच्या बायकायले बी असंच सांगता काय, पदर घ्या म्हणून?"

दोघं सेल न घेताच गेले. सिस्टर बसल्या, डोळे पुसले. "दाखव बाबू, कोणता प्रोसेसर म्हणत होता."

त्यांच्या घरी मशीन बसवताना मी प्रोग्राम सोप्या पातळीवर ठेवला. पहिला डाव त्या झटकन जिंकल्या आणि माझ्यावर उखडल्या, "दया कायले करून राह्यला? पुरा जोर लाव त्याचा!"

पुऱ्या जोरात मशीननं त्यांना चिरडलं. सिस्टर मांडीवर थाप मारून खळखळून हसल्या. "हरवलं मेल्यानं! मांड, पुन्हा मांड!"

सिस्टर गेल्या त्या हिवाळ्यात वाचनालयानं त्यांच्या नावानं स्पर्धा ठेवली. फोटोला हार, समई, भाषणं. "सिस्टर आमच्यासोबत खेळायच्या, हे आमचं भाग्य," अध्यक्ष म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो. "तुमच्यातला कोण शेवटपर्यंत खेळला त्यायच्यासंगं? हात वर करा."

जो तो समोरच्या पटावरची प्यादी सरळ करू लागला. मग अध्यक्ष खुर्ची सरकवत म्हणाले, "बसा, बसा. चहा घ्या."