पिवळ्या रंगाचे सर

मुलाखतींचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर शिकवायला ते सर पुण्याहून नंदुरबारला आमच्या कॉलेजात आले होते. त्यांचं नाव आता आठवत नाही, आठवावंसंही वाटत नाही. आठवतो तो चष्म्याच्या डबीतून निघणारा त्यांचा स्वतःचा माऊस. कॉलेजचा माऊस त्यांना चालत नसे. क्लिक करण्याआधी बोट हवेत धरून ते आमच्याकडे बघायचे, जणू जादूच दाखवतायत.

वाक्य निवडायचं, त्याला कोड, म्हणजे विषयाचं लेबल द्यायचं, की त्या कोडचा रंग वाक्यावर चढतो. सरावासाठी त्यांनी नेमकी मी घेतलेली मुलाखत उघडली. दवाखान्यात का जात नाही, ते कोरीट गावची एक बाई त्यात सांगत होती, "दवाखाना शे, पन डॉक्टरच ऱ्हास नही. जाईसन काय करसू?"

सरांचं बोट वर गेलं, खाली आलं. वाक्य पिवळं झालं. पिवळा म्हणजे 'जागरूकतेचा अभाव'.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सर, तिला सगळं कळतंय. तिथे डॉक्टर नसतो, असं म्हणतेय ती!"

"मॅडम, कोड कमी ठेवा. रिपोर्टमध्ये चार्ट छान दिसतो."

दुपारी सर चहा प्यायला कॅन्टीनमध्ये गेले आणि तणतणतच परत आले. "कॅन्टीन आहे, पण चहा द्यायला माणूसच नाही! जाऊन करायचं काय?"

मी त्यांचा माऊस हातात घेतला, बोट हवेत धरलं आणि त्यांच्याकडे बघत विचारलं, "सर, हे वाक्यही पिवळं करू?"