ऑक्टोबरातला सिकाडा

रविवारी सकाळी पेरलाक गावात दोनच आवाज व्हायचे. एक चर्चच्या घंटेचा आणि दुसरा ऑनोरे रुकेतच्या खोकण्याचा. घंटा एखाद्या वेळी चुकायची. ऑनोरे खोकला की समोरच्या दारातून जिल्बेर न्हावी सायकल बाहेर काढायचा आणि विचारायचा, "आहेस का गेलास?"

"आधी तू," ऑनोरे म्हणायचा.

एवढी प्रार्थना उरकली की दोघं निघायचे. चर्चमध्ये बसलेल्या त्यांच्या बायकांनीही ही प्रार्थना पुरेशी असल्याचं मान्य करून टाकलं होतं.

ऑनोरेचा जन्म गेला गावच्या सहकारी वाईन कारखान्यात टाक्या धुण्यात. खालच्या झाकणातून आत सरपटायचं, भिंतींना धरलेला द्राक्षाचा लाल गाळ खरवडायचा आणि त्या आंबट अंधारात स्वतःच्याच आवाजाचा घुमारा ऐकत बसायचं. सहा दिवस सिमेंटच्या पोटात काढणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी काय हवं असणार? त्याला हवा होता गावाबाहेरचा तो अरुंद रस्ता. दोन्हीकडे द्राक्षाचे मळे, वर आभाळ, आणि कानाला फक्त साखळीची बारीक कुरकुर. नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, तरी रविवार काही निवृत्त झाला नाही.

जिल्बेरचं तसं नव्हतं. त्याला माणसं लागायची. गावाचे केस आणि गावाची गुपितं दोन्ही त्याच्या दुकानात फरशीवर पडायची. संध्याकाळी तो झाडून टाकायचा फक्त केस. पण रविवारी ऑनोरेच्या शेजारी तोही गप्प व्हायचा. ओढ्यापर्यंत सपाटी, आणि तिथे आमचा 'सेर्स' वारा समोरून असा येतो की घातलेली टोपी शेजारच्या गावात सापडावी. म्हणून एकाने पुढे राहून वारा छातीवर घ्यायचा, दुसऱ्याने त्याच्या मागच्या चाकाला चिकटून दम खायचा. कोपर हललं की अदलाबदल. कोणी कुणाला हाक मारायची नाही. पुढच्याने खड्ड्याकडे बोट केलं की मागच्याने डोळे मिटून त्यावर विश्वास ठेवायचा, कारण त्याला पुढच्याच्या पाठीपलीकडचं काही दिसतच नसे.

ओढा ओलांडला की मात्र मैत्री तात्पुरती बंद. पुढे चढ होता. त्याला सगळे 'गाढवाचं खोगीर' म्हणतात. पाइनच्या झाडांतून वळणं घेत वर जायचं, माथ्यावर लोखंडी क्रूस. क्रूसाला आधी ऑनोरेचाच हात लागायचा. तो सायकल टेकवून शीळ घालत बसायचा, आणि शेवटच्या वळणावर जिल्बेरचं लालबुंद डोकं उगवलं की ओरडायचा, "ये बाबा, ये! तुझी वाट बघून दाढी वाढली माझी. वस्तरा आणलास का?"

दर रविवारी हाच विनोद. जिल्बेर हसायचा. ते हसणं ऑनोरेने कधी निरखून पाहिलं नाही.

मग एका वसंतात जिल्बेर नवी सायकल घेऊन आला. काळी कुळकुळीत, जाड नळ्यांची, बसायच्या जागेखाली फुगीर पिशवी. "जावयाची कृपा," तो म्हणाला. "शहरात दुकान आहे ना त्याचं."

"सायकल घोड्यासारखी आहे," ऑनोरे म्हणाला. "पण वर बसलेला तोच ना?"

वर बसलेला तोच होता, पण त्या दिवशी तो पहिल्याच वळणावर पुढे निसटला तो दिसेनासाच झाला. ऑनोरे माथ्यावर पोचला तेव्हा जिल्बेर क्रूसाला टेकून उभा. ऑनोरेने मनापासून टाळ्या वाजवल्या. "वा रे पठ्ठ्या!" म्हणाला. मित्राचा एक दिवस असतो, असावा.

पण पुढच्या रविवारीही तो दिवस मित्राचाच निघाला, त्याच्या पुढच्या रविवारीही. ऑनोरेने चीज सोडलं, संध्याकाळचा वाईनचा ग्लास अर्धा केला, आपली जुनी पोलादी सायकल सुटी करून प्रत्येक छर्रा तेलात घोळवला. उपयोग शून्य. उन्हाळा आला. पाइनच्या खोडांना चिकटून दिवसभर किर्रर्र करणारे सिकाडा किडे खोगिरावर पेटले. तो आवाज आमच्याकडे कोणी ऐकत नाही. स्वतःचा श्वास कोण ऐकतो? त्या किरकिरीत ऑनोरे एकटाच चढ चढायचा. ऑगस्टमध्ये त्याचं चाक पंक्चर झालं.

"तुझ्या त्या पिशवीतली ट्यूब दे," तो म्हणाला.

"ट्यूब नाहीये तीत," जिल्बेर घाईने म्हणाला. "बायकोचं काहीबाही आहे." आणि ट्यूब आणायला भर उन्हात गावापर्यंत जाऊन आला. ऑनोरेला भरून आलं. असा मित्र कुठे मिळतो?

डॉक्टरने छाती तपासून सांगितलं, काही झालेलं नाही, ठणठणीत आहात. ऑनोरे घरी येऊन बायकोला म्हणाला, "सोलांज, डॉक्टर लपवतोय."

"छाती तपासली ना? डोकंही तपासून घ्यायचं होतं," सोलांज म्हणाली. पण त्या दिवसापासून तिने त्याच्या ताटातलं मीठ कमी केलं. ऑनोरेला जे समजायचं ते समजलं.

सप्टेंबरात द्राक्षतोडणी सुरू झाली. रस्ते ट्रॅक्टरांनी भरले, कारखान्याने ऑनोरेला मदतीला बोलावलं, रविवार बुडाले. तोडणी संपल्यावर तो केस-दाढी करायला जिल्बेरकडे बसला. गालाला साबण, मान मागे, डोळे मिटलेले.

"एक बोलू?" जिल्बेर म्हणाला. "रागावू नकोस."

"वस्तरा गळ्यावर असताना कोण रागावतो?"

"थांब आता, ऑनोरे. चढावर तुझं तोंड निळं पडतं. मला मागे वळून बघवत नाही. सोलांजचा विचार कर." वस्तरा गळ्यावरून अलगद वर आला. "तुझी सायकल मी इथे लावतो, आरशाच्या वर. खुंटी ठोकून घेतो. येणारा जाणारा विचारेल, मी सांगेन: खोगिराचा राजा होता हा."

साबणाखाली ऑनोरेच्या चेहऱ्याचं काय झालं ते साबणालाच माहीत. "एकदा शेवटचं जाऊ," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी खुंटी ठोकली गेली. पितळेची, चांगली दणकट. गिऱ्हाइकं मान तिरकी करून ती बघू लागली.

ऑक्टोबर संपत आला होता. मळे तांबडे पडलेले, सेर्स हाडात शिरणारा. सपाटीवर ऑनोरेने दोनदा कोपर बघितलं, पण जिल्बेरने ते हलवलंच नाही. "आज सगळा वारा माझा," तो मागे न बघता म्हणाला. ओढ्यापर्यंत ऑनोरे त्याच्या पाठीआड बसून आला आणि मनात म्हणाला, या पाठीचे उपकार फिटायचे नाहीत.

चढ लागला. आज जिल्बेर पुढे निसटला नाही. निरोपाचा दिवस, तो ऑनोरेच्या खांद्याला खांदा लावून चढत राहिला. दोघं गप्प. कुठे ट्रॅक्टर नाही, पक्षी नाही. ऑनोरेच्या कानाशी सिकाडा ओरडत होता, आणि त्याला बरं वाटत होतं. निदान हा तरी आपल्याला पोचवायला आला.

दुसऱ्या वळणावर वारा आडवा आला आणि त्याच्या हातांवर काटा उभा राहिला. काट्याकडे बघताना त्याच्या मनात आलं: ऑक्टोबरात सिकाडा?

त्याने पाय सैल सोडले. जिल्बेर हातभर पुढे गेला. सिकाडाही हातभर पुढे गेला.

ऑनोरेने पुन्हा पाय मारले. उरलेली वळणं त्याने त्या किरकिरीच्या मागे मागे काढली. माथ्यावर जिल्बेरने खिशातून बाटली आणि दोन इवलेसे ग्लास काढून क्रूसाच्या चौथऱ्यावर मांडले. घरी केलेली गोड कार्ताजेन वाईन होती. डोळे पुसत तो म्हणाला, "राजा, तुझ्या नावाने."

"सिकाडा ऐकलास?" ऑनोरेने विचारलं.

"आत्ता? थंडीत? कुठे?"

"तुझ्या बुडाखाली."

जिल्बेरने सायकलकडे बघितलं नाही, पिशवीकडेही नाही. त्याने ग्लासाकडे बघितलं, आणि तेवढं पुरे झालं.

"मोटर आहे," तो म्हणाला. "नळीच्या आत. बॅटरी पिशवीत. लहानशीच आहे रे."

"लहानशीच!"

"एकदाच वर आधी यायचं होतं मला. तीस वर्षं तुझी ती दाढी आणि तो वस्तरा ऐकला. वाटलं, एकदा मीही टेकून उभा राहीन आणि मग तुला सांगून टाकीन. दोघं हसू. पण तू टाळ्या वाजवल्यास. 'वा रे पठ्ठ्या' म्हणालास. मग कसं सांगू?"

"आणि पुढच्या रविवारी?"

"मग थांबता येईना."

"तुला थांबता येईना, म्हणून मला थांबवलंस," ऑनोरे म्हणाला. "तोंड निळं पडतं म्हणालास. मी मीठ सोडलं, जिल्बेर. मी रात्री सोलांजच्या श्वासाकडे कान देऊन पडायचो. म्हणायचो, मी गेल्यावर ही या घरात एकटी कशी झोपेल. आणि तू आरशावर खुंटी ठोकत होतास."

"अरे, मी तुझा..."

"गळा तुझ्या हातात देऊन डोळे मिटायचो मी. कापायचाच होता तर वस्तऱ्याने कापायचास."

त्याने कार्ताजेनला हात लावला नाही. सायकल वळवली आणि उतरला. सपाटीवर वारा आता पाठीवर होता. कुणाच्या आडोशाची गरजच नव्हती. मागून हाक आली असेल तर वाऱ्याने ती त्याच्याही पुढे नेली असेल. त्याने ऐकली नाही.

गावात त्याने अवाक्षर काढलं नाही. सोलांजला फक्त म्हणाला, "मीठ टाक." ती खुंटी अजून आरशावर रिकामी आहे. कुणी विचारलं तर जिल्बेर म्हणतो, "कोट अडकवायला." पण कोट कोणी अडकवत नाही. ऑनोरेचे केस खांद्यावर आले, तेव्हा सोलांजने स्वयंपाकघरातली कात्री काढली आणि न विचारता त्याला स्टुलावर बसवलं. मागून ते वेडेवाकडे दिसतात.

रविवारी तो खोकतो. समोरचं दार उघडत नाही. ओढ्यापर्यंतचा सगळा वारा तो एकटा छातीवर घेतो आणि चढ तसाच चढतो, पूर्वीसारखा. छातीला खरंच काही झालेलं नव्हतं.

जूनमध्ये खोगिरावर सिकाडा सुरू झाले. खरे, खोडाला चिकटलेले. त्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं? पण पहिला किर्रर्र ऐकला आणि ऑनोरेने पायडल थांबवून मागे वळून बघितलं. रस्ता रिकामा होता. दोन पावलं पुढे गेला असेल नसेल, त्याने परत बघितलं.